ब्लोअर डोअर चाचणी कशी करावी: आधी शून्य नीट मोजा

ब्लोअर डोअर, म्हणजे घरातून किती हवा गळते ते मोजण्याची चाचणी, शिकवणारे बहुतेक जण पंख्यापासून सुरुवात करतात. चौकट कशी ताणायची, कापड कसं बसवायचं, पंख्याचं तोंड कुठे ठेवायचं. हे सगळं एकदा पाहिलं की जमतं. चाचणी बिघडते ती पंखा सुरू करण्याआधीच्या दोन मिनिटांत, आणि त्या दोन मिनिटांबद्दल कुणी धड सांगत नाही. मी त्यातूनच ठेचकाळत शिकलो, म्हणून या लेखातली बरीच जागा तिथेच जाणार आहे.

चाचणीमागचा विचार सरळ आहे. दाराच्या चौकटीत मोजमापाचा पंखा बसवायचा, घरातली हवा बाहेर ओढायची आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक तयार करायचा. पंखा जितकी हवा बाहेर टाकतो, तितकीच फटींतून आत येते. पंख्यातून जाणारी हवा मोजली की घराची गळती कळली. ५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब. ताशी ३३ किलोमीटरचा वारा भिंतीवर थेट आदळला तर साधारण एवढाच दाब पडतो. ५ मिलिमीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

घराची तयारी

बाहेरची दारं-खिडक्या बंद, आतली सगळी दारं उघडी. गॅसवर चालणारा गिझर किंवा हीटर बंद, कारण पंखा घरातली हवा ओढतो तेव्हा चिमणीतून जळका वायू उलटा घरात येऊ शकतो. शेकोटी असेल तर राख आधी काढा. मोरीच्या आणि बेसिनच्या जाळीखालच्या वळणात पाणी आहे ना ते बघा. कोरडं पडलेलं वळण म्हणजे सरळ भोक. कुठल्या झरोक्याला टेप लावायची आणि कुठल्या नाही, हे चाचणीच्या हेतूवर ठरतं. आयएसओ ९९७२ या मानकात त्यासाठी वेगवेगळ्या पद्धती दिल्या आहेत. जी पद्धत वापराल ती अहवालात लिहा, नाहीतर तो आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

चौकट, कापड, पंखा

चौकट दाराच्या मापाला ताणा, कापडाला सुरकुती राहू देऊ नका, पंखा खालच्या गोल भोकात बसवा. हवा ज्या बाजूने पंख्यात शिरते तिथे दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवा आणि चाचणी सुरू असताना तिथे कुणालाही उभं राहू देऊ नका. झालं.

नळ्या आणि शून्य

आता मुख्य काम. मॅनोमीटरला, म्हणजे दाबातला फरक मोजणाऱ्या यंत्राला, दोन वाहिन्या असतात. एक घराचा दाब बाहेरच्या तुलनेत दाखवते, दुसरी पंख्यावरचा दाब, ज्यावरून हवेचा प्रवाह निघतो. द एनर्जी कॉन्झर्व्हेटरीच्या मिनियापोलिस ब्लोअर डोअरमध्ये बाहेर जाणारी नळी हिरवी आणि पंख्याची लाल असते. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतील, तत्त्व तेच.

पंखा बंद आहे, त्याचं तोंड झाकणाने पूर्ण बंद केलं आहे, तरीही मॅनोमीटर शून्य दाखवत नाही. उणे दोन, उणे चार, अधिक तीन, असं काहीतरी दाखवत राहतो. हा यंत्राचा दोष नाही. घरात वारा आणि तापमान यांनी आधीच एक दाब तयार केलेला असतो, त्याला बेसलाइन म्हणतात. आत गरम आणि बाहेर थंड असेल तर गरम हवा वर चढते, वरच्या मजल्यातून बाहेर पडते आणि खालच्या मजल्यातून थंड हवा आत ओढली जाते. दर मीटर उंचीला, दर एक अंश सेल्सियस फरकाला साधारण ०.०४ पास्कल. नऊ मीटर उंच घर, आत-बाहेर २२ अंशांचा फरक, आणि आत-बाहेरचा दाब सारखा असतो ती पातळी घराच्या मध्यावर धरली, तर तळमजल्यावर उणे चार पास्कल वारा नसतानाही मिळतात.

मला हे महागात पडलं ते अशाच एका तीन मजली घरात. थंडीचे दिवस होते. मला शिकवलं होतं, "दोन-चार पास्कलचं काय मनावर घ्यायचं, आपण पन्नासला मोजतो." मी तसंच केलं. १० ते ५० पास्कलपर्यंत पाच बिंदू घेतले, म्हणजे पाच वेगवेगळ्या दाबांना प्रवाह मोजला. दाब आणि प्रवाह यांचं नातं घातांकाच्या सूत्राने मांडतात: प्रवाह बरोबर एक गुणक गुणिले दाबाचा एन-वा घात. हा एन ०.५ आणि १ यांच्या मध्ये असावा लागतो, आणि साधारण घरात तो ०.६५ च्या आसपास येतो. माझा आला ०.८२. इतका मोठा एन सहसा अरुंद, लांबच लांब भेगांची खूण असते. मी घरमालकांना तसं सांगितलं आणि भिंतींच्या भेगा शोधण्यात अर्धा दिवस घालवला. भेगा नव्हत्याच. बेसलाइन उणे चार होती आणि मी ती वजा केली नव्हती.

गणित करून बघा. मॅनोमीटर उणे ५० दाखवतो तेव्हा त्यातले चार पास्कल आधीपासूनच होते; पंख्याने तयार केलेला दाब फक्त ४६. तिथे गळती सुमारे सव्वापाच टक्के कमी मोजली जाते. पण मॅनोमीटर उणे १० दाखवतो तेव्हा पंख्याचा दाब फक्त सहा असतो, आणि खऱ्या दहा पास्कलला जेवढी हवा गेली असती ती मोजलेल्या आकड्याच्या तब्बल १.३९ पट असते. वरचं टोक थोडंसं आणि खालचं टोक पार घसरतं, दाब-प्रवाहाची रेघ वाकडी होते, आणि त्या वाकड्या रेघेवरून आपण घराबद्दल निष्कर्ष काढतो. तुमचा पंखा ५० ला पोचत नसेल आणि २५ ला मोजून, गुणक लावून ५० चा आकडा काढणार असाल, तर याच उणे चारने तिथली गळती खऱ्या २५ पास्कलच्या मानाने दहा टक्क्यांहून जास्त कमी मोजली जाते. म्हणून दाब कमी असेल तिथे बेसलाइन जास्त काळजीने घ्या.

आता काय करायचं ते सांगतो. पंख्याचं झाकण पक्कं लावा. हे विसरून बेसलाइन घेणारे मी इतके पाहिले आहेत की पुन्हा सांगतो: झाकण पक्कं. उघड्या पंख्यातून हवा ये-जा करत असताना मिळालेली बेसलाइन म्हणजे तुम्हीच पाडलेल्या भोकाची बेसलाइन. मग मॅनोमीटरला सरासरी घेऊ द्या. आयएसओ ९९७२ किमान ३० सेकंद मागतं. मी ६० घेतो, वारा असेल तर १२०. डीजी-७०० किंवा डीजी-१००० सारख्या यंत्रात बेसलाइन नोंदवून पुढच्या वाचनातून आपोआप वजा करण्याची सोय आहे. ती वापरा, पण बटण दाबून पाच सेकंदांत पुढे जाऊ नका. पाच सेकंदांत तुम्हाला घराची सरासरी मिळत नाही, एक झुळूक मिळते.

चाचणी संपली की पंखा बंद करून, झाकण लावून बेसलाइन पुन्हा घ्या. बहुतेक जण हे टाळतात. सुरुवातीला उणे दोन आणि शेवटी अधिक दोन आली, तर मधल्या वेळात वारा बदलला आणि तुमच्या पाच बिंदूंपैकी निम्मे चुकीच्या शून्यावर उभे आहेत. दोन्हींपैकी कुठलीही सरासरी पाच पास्कलच्या पुढे गेली, तर त्या मानकाप्रमाणे चाचणी धरता येत नाही. तेव्हा सामान गाडीत ठेवून दुसऱ्या दिवशी या. घरमालक चिडतील. चिडू द्या. चुकीच्या आकड्यावर हजारो खर्च करायला लावण्यापेक्षा ते बरं.

एक सल्ला फार ऐकू येतो: आधी हवा ओढून मोजा, मग हवा भरून मोजा, दोन्हींची सरासरी काढा, बेसलाइन आपोआप रद्द होते. कागदावर हे ५० पास्कलला जवळजवळ खरं आहे. पण त्यासाठी दोन्ही वेळी बेसलाइन तीच असावी लागते, आणि वारा तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय हवा ओढताना काही झडपा मिटतात आणि भरताना उघडतात, त्यामुळे दोन्ही वेळी घर अगदी तेच नसतं. दोन्ही दिशांनी जरूर मोजा, मीही मोजतो, पण बेसलाइन न घेण्यासाठी ती सबब नव्हे.

बाहेरच्या नळीच्या टोकाकडे तेवढंच लक्ष द्या. ते पंख्याच्या झोतात कधीच ठेवू नका. बाजूला दीड-दोन मीटर तरी सरकवा, भिंतीच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशाला. वारा भिंतीच्या कोपऱ्याला वळताना दाब खूप बदलतो, म्हणून कोपरा टाळा. ताशी १८ किलोमीटरची झुळूकसुद्धा १५ पास्कलपर्यंत ढकलू शकते. टोकाला टी जोड लावा, म्हणजे झुळूक सरळ नळीत शिरत नाही. वारा खूपच फिरत असेल तर घराच्या चारही बाजूंना नळ्या टाकून त्या एकत्र जोडा. आकडा बराच शांत होतो.

आणि पाणी. ५० पास्कल म्हणजे ५ मिलिमीटर पाणी, हे आधी सांगितलं ते यासाठी. नळीत अडकलेला पाण्याचा एक थेंब काही पास्कल सहज अडवून धरतो आणि मॅनोमीटर स्थिर, छान, पण साफ खोटा आकडा दाखवतो. पाऊस किंवा दव असेल तेव्हा मी नळी गुंडाळण्याआधी आणि लावण्याआधी फुंकून बघतो. नळीला चीर आहे का ते पाहायला एक टोक बंद करून दुसऱ्याकडून सिरिंजने थोडा दाब द्या. आकडा टिकला पाहिजे. यंत्राचं स्वतःचं शून्य पाहायचं तर एकाच वाहिनीच्या दोन्ही तोंडांना एक छोटी नळी जोडा, शून्य दिसलं पाहिजे.

पंखा सुरू

आता वेग हळूहळू वाढवा. प्रवाह फार कमी असेल तर पंख्यावरचा दाब नीट वाचता येत नाही. तेव्हा तोंडावर लहान छिद्राची कडी बसवा. मिनियापोलिसच्या पंख्याला ए, बी, सी अशा कड्या येतात. कडी बदलली की मॅनोमीटरमध्येही तीच निवडा. ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग आहे, कारण आकडा दिसायला एकदम ठीक दिसतो.

किमान पाच बिंदू घ्या, दोन बिंदूंत १० पास्कलपेक्षा जास्त अंतर नको, सर्वांत वरचा निदान ५० चा. प्रत्येक बिंदूवर सरासरी स्थिर होईपर्यंत थांबा. एन ०.५ च्या खाली किंवा १ च्या वर आला तर आकडा दुरुस्त करत बसू नका, चाचणी पुन्हा करा.

आकडा काढणं

५० पास्कलला ताशी गेलेली हवा भागिले घराचं आतलं घनफळ. २४० घनमीटरच्या घरातून ताशी ४८० घनमीटर गेली तर उत्तर २. म्हणजे तासात घरातली सगळी हवा दोनदा बदलते. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीच्या पॅसिव्ह हाउस मानकाची मर्यादा ०.६ आहे. घनफळ आतून मोजा, नकाशावरून उतरवू नका. पाच टक्क्यांची चूक तिथूनच येते आणि पंख्याच्या माथी मारली जाते.

गळती शोधणं

पंखा चालू ठेवून घरभर फिरा. ओला हात उलटा करून सॉकेट, खिडकीच्या चौकटी, पाइप भिंतीत शिरतात त्या जागा, छताची झडप तपासा. मग धुराची पेन्सिल. थर्मल कॅमेरा असेल तर आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक असताना वापरा, नाहीतर पडद्यावर काही दिसत नाही. मालकांना बरोबर घेऊन फिरा. आकड्यापेक्षा हातावरची हवा त्यांना लवकर पटते.

सगळं आवरताना टेप काढा, झाकलेले झरोके मोकळे करा, आणि बंद केलेला गिझर व हीटर पुन्हा सुरू करून ज्योत पेटली आहे, धूर वर जातो आहे ते पाहा. घाईत हे विसरतं, म्हणून मी गिझर बंद करतानाच माझी गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवतो.