ऑस्करच्या चढाओढीत ओटीटी कंपन्यांचे चित्रपट नेमके कुठे उभे आहेत, हे कसे ओळखावे

दर वर्षी जानेवारीत ऑस्करची नामांकने जाहीर झाली, की कोणत्या ओटीटी कंपनीला किती नामांकने मिळाली याच्या बातम्या येतात आणि तो आकडा जणू निकालच असल्यासारखा सगळीकडे फिरतो. माझे वाचकांना पहिले सांगणे असे, की हा आकडा वहीत जरूर टिपावा, पण त्यावरून काहीही ठरवू नये. २०२० मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘द आयरिशमन’ला दहा नामांकने होती आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. २०२४ मध्ये ॲपलच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’चेही दहा नामांकनांवर हेच झाले. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘एमिलिया पेरेझ’ला तेरा नामांकने मिळाली, हाती दोन पुरस्कार आले. याउलट २०२२ मध्ये ॲपलच्या ‘कोडा’ला अवघी तीन नामांकने होती, पण त्या तिन्ही ठिकाणी तो जिंकला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्यात होता, आणि ओटीटी कंपनीच्या चित्रपटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्याला ही चढाओढ समजून घ्यायची आहे, त्याने संख्येऐवजी काय पाहावे, ते मी अनेक हंगामांच्या सवयीतून सांगतो.

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक चित्रपटाला एक पान द्यावे. पानाच्या डोक्यावर चित्रपट कंपनीने स्वतः बनवला की तयार झालेला विकत घेतला, हे लिहावे. ‘कोडा’ ॲपलने बनवलेला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेल्यावर कंपनीने अडीच कोटी डॉलर मोजून त्याचे हक्क घेतले आणि त्या महोत्सवातली ती तोवरची सर्वांत मोठी खरेदी ठरली. विकत घेतलेल्या चित्रपटाचे हक्क पुष्कळदा काही देशांपुरतेच असतात, त्यामुळे अमेरिकेत एका मंचावर असलेला चित्रपट भारतात दुसऱ्याच मंचावर सापडतो. ही नोंद केलेली नसली, तर चित्रपट शोधण्यातच फेब्रुवारी निघून जातो.

त्याखाली चित्रपट पहिल्यांदा कोणत्या महोत्सवात दाखवला गेला, ते लिहावे. ही नोंद फार बोलकी असते. २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत नेटफ्लिक्सचे दोन चित्रपट होते, त्यावरून फ्रान्समधल्या चित्रपटगृहचालकांनी मोठा गदारोळ केला आणि पुढच्या वर्षापासून फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत प्रदर्शित होणार नसलेला चित्रपट स्पर्धेत घ्यायचा नाही, असा नियम झाला. व्हेनिसने मात्र दार उघडे ठेवले. २०१८ मध्ये आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून नेटफ्लिक्सचे वजनदार चित्रपट ऑगस्टअखेरीस व्हेनिसला दिसू लागले. म्हणून कानच्या स्पर्धेतला एखादा चित्रपट पुढे नेटफ्लिक्सच्या नावाने ऑस्करला उतरलेला दिसला, तर तो बहुधा नंतर विकत घेतलेला आहे असे समजावे. ‘एमिलिया पेरेझ’चे तसेच होते.

आता पात्रतेचे गणित. ऑस्करसाठी कथापट चाळीस मिनिटांहून मोठा असावा लागतो आणि अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा महानगर क्षेत्रांपैकी किमान एका ठिकाणी तो सलग सात दिवस तिकीट लावून चित्रपटगृहात चालावा लागतो. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, शिकागो, अटलांटा आणि डॅलस व फोर्ट वर्थ ही ती सहा क्षेत्रे. दिवसाला किमान तीन खेळ आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान, अशी अट आहे. करोनाच्या काळात, चित्रपटगृहेच बंद असल्यामुळे, ती तात्पुरती सैल केली होती. हा सात दिवसांचा मुक्काम ओटीटी कंपन्यांना जड नाही. नेटफ्लिक्सने न्यूयॉर्कचे जुने पॅरिस थिएटर २०१९ मध्ये भाडेकराराने घेतले आणि हॉलिवूडचे इजिप्शियन थिएटर २०२० मध्ये विकतच घेतले. ज्या कंपनीची सारी ओळख घरच्या पडद्यावर उभी आहे, तिला चित्रपटगृहे ताब्यात ठेवावीशी वाटली, ही गोष्ट वाचकाने नीट लक्षात घ्यावी.

मात्र २०२५ च्या पुरस्कारांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठी अकादमीने, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेने, एक पायरी वाढवली आहे. पहिल्या प्रदर्शनापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत अमेरिकेतल्या पन्नास मोठ्या बाजारपेठांपैकी दहा ठिकाणी चित्रपट आणखी सात दिवस चालला पाहिजे. वर्षाच्या अखेरीस येणाऱ्या चित्रपटांना वेगळी मुदत आहे आणि दहापैकी दोन ठिकाणे अमेरिकेबाहेरची असली तरी चालतात. माझ्या मते हा नियम योग्य आहे, किंबहुना तो आधीच यायला हवा होता, कारण एका शहरातल्या एका पडद्यावरचे सात दिवस प्रेक्षकांसाठी नसतात, ते कागदासाठी असतात. वहीत या नियमासाठी तीन तारखा लिहाव्यात: चित्रपटगृहातली पहिली तारीख, इतर शहरांत तो पोचला ती तारीख आणि ओटीटीवर आला ती तारीख. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत किती अंतर आहे, यावरून कंपनी त्या चित्रपटाकडे कशी पाहते आहे ते कळते.

आता मतदान. अकादमीच्या सदस्यांच्या व्यवसायानुसार शाखा असतात आणि नामांकने शाखानिहाय होतात. संकलक संकलनाची नामांकने ठरवतात, अभिनेते अभिनयाची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने मात्र सगळे सदस्य मिळून ठरवतात. अंतिम फेरीत दहा हजारांहून अधिक सदस्यांना सर्व विभागांत मत देता येते, आणि २०२६ च्या पुरस्कारांपासून ज्या विभागात मत द्यायचे त्यातले सगळे चित्रपट पाहिलेले असणे बंधनकारक झाले आहे. म्हणूनच तेरा नामांकनांचा अर्थ इतकाच, की निरनिराळ्या शाखांमधल्या कारागिरांना तो चित्रपट दखल घेण्याजोगा वाटला. तो सर्वांना प्रिय आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट येथे येते. सर्वोत्कृष्ट चित्रपट वगळता इतर विभागांत ज्याला जास्त मते तो जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र पसंतीक्रम लिहावा लागतो. मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी आपण बातम्यांत पाहतो. पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण झाला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते आणि रात्र उलटून गेली तरी फेऱ्या चालू राहतात. ऑस्करची मोजणी तशीच असते.

हे हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून आमच्या चित्रपट मंडळात आम्ही ते करून पाहिले आणि इतरांनीही करावे असा माझा आग्रह आहे. आम्ही पंचवीस जण होतो, वर्षभरात सर्वांनी पाहिलेले तीन चित्रपट घेतले आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर एक, दोन, तीन असा क्रम लिहिला. पहिल्या मोजणीत एका चित्रपटाला अकरा, दुसऱ्याला आठ आणि तिसऱ्याला सहा चिठ्ठ्या पडल्या. जिंकायला तेरा हव्या होत्या. तिसरा बाद झाला, त्याच्या सहा चिठ्ठ्या टेबलावर पुन्हा उलगडल्या, तेव्हा पाच जणांनी दुसऱ्या क्रमांकावर आठवाला चित्रपट लिहिलेला निघाला आणि एकानेच अकरावाला. आठाचे तेरा झाले, अकराचे बाराच राहिले. सुरुवातीला तीन चिठ्ठ्यांनी पुढे असलेला चित्रपट हरला. त्या खोलीतल्या कोणीही त्यानंतर ‘सर्वांत आवडता चित्रपटच जिंकतो’ असे म्हटलेले नाही.

हा अनुभव गाठीशी ठेवून ‘रोमा’ आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ यांच्याकडे पाहावे. नेटफ्लिक्सच्या या दोन्ही चित्रपटांना अमेरिकी दिग्दर्शक संघटनेचा आणि बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. ऑस्करलाही दोघांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, क्वारोन यांना २०१९ मध्ये आणि जेन कॅम्पियन यांना २०२२ मध्ये. पण सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिल्या वर्षी ‘ग्रीन बुक’ निवडला गेला आणि दुसऱ्या वर्षी ‘कोडा’. आता वहीत लिहून ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्या दोन्ही वर्षी निर्मात्यांच्या संघटनेचा, म्हणजे पीजीएचा, पुरस्कार ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’ यांनाच मिळाला होता, आणि ही संघटनाही पसंतीक्रमानेच मतदान घेते. म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अंदाज बांधताना दिग्दर्शक संघटनेपेक्षा पीजीएच्या निकालाला अधिक वजन द्यावे. हा नियम अभंग नाही; ‘ला ला लँड’ आणि ‘१९१७’ पीजीए जिंकूनही ऑस्करला हरले. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे कोणाची दुसरी पसंती कोठे गेली हे अनुमानच राहते. तरीही माझे मत असे आहे, की शांत, अवघड आणि प्रेक्षकाकडून संयम मागणाऱ्या चित्रपटाला पहिल्या पसंतीची मते भरपूर मिळतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते मिळवणे त्याला कठीण जाते. ओटीटी कंपन्यांनी प्रतिष्ठेसाठी पुढे केलेले चित्रपट पुष्कळदा नेमके या प्रकारचे होते.

प्रचाराच्या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमेरिकी चित्रपट-व्यवसायाच्या संकेतस्थळांवर ‘आपल्या विचारार्थ’ अशा अर्थाच्या जाहिराती जागोजागी दिसतात. जाहिरात आणि मत यांची गल्लत होऊ देऊ नये. प्रचारावर केलेला खर्च मतदाराला चित्रपटापर्यंत आणतो, पुढचे काम चित्रपटालाच करावे लागते, आणि एखाद्या वादाने ते सारे उधळूनही जाते. ‘एमिलिया पेरेझ’च्या मुख्य अभिनेत्रीचे समाजमाध्यमांवरचे जुने लिखाण नामांकनांनंतर उजेडात आले, तेव्हा त्या चित्रपटाच्या प्रचाराला ऐन वेळी मोठा फटका बसला.

ज्याला फक्त मोठ्या पुरस्काराचे कुतूहल आहे त्याने इथवर वाचले तरी पुरे, परंतु ओटीटीने खरे काम कोठे केले हे पाहायचे असेल, तर माहितीपटांचे विभाग पाहावेत. नेटफ्लिक्सला पहिले ऑस्कर नामांकन माहितीपटासाठीच मिळाले, ‘द स्क्वेअर’साठी, २०१४ मध्ये. पहिला पुरस्कार २०१७ मध्ये ‘द व्हाइट हेल्मेट्स’ या लघुमाहितीपटाला मिळाला, आणि २०१८ मध्ये ‘इकारस’ने पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा पुरस्कार आणला. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला २०२३ मध्ये लघुमाहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मुदुमलईच्या जंगलातले बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे जगभर पोचले, चाळीस मिनिटांच्या माहितीपटाला कोणत्या चित्रपटगृहाने आठवडाभर पडदा दिला असता? या विभागांची प्राथमिक यादी डिसेंबरातच लागते आणि प्रत्येकीत पंधरा नावे असतात. ती यादी लागताच पाहायला सुरुवात केली, तर जानेवारीपर्यंत निम्म्याहून अधिक चित्रपट पाहून होतात, कारण त्यातले बरेचसे ओटीटीवर आधीच आलेले असतात.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच प्रवेशिका पाठवतो. आपल्याकडून ती फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट याच वाटेने गेले, आणि ‘श्वास’च्या अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी दिली होती, हे ज्यांना आठवते त्यांना ओटीटी कंपनीचे पाठबळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी पुढे ‘रोमा’च्या चित्रीकरणाच्या वेळी क्वारोन यांच्याबरोबर राहून काम जवळून पाहिले, आणि त्यांच्या ‘द डिसायपल’चे कार्यकारी निर्माते म्हणून क्वारोन यांचे नाव लागले. या मराठी चित्रपटाला सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहे करोनामुळे बंदच होती. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून या चित्रपटाचा नायक, शास्त्रीय गायक शरद नेरूळकर, संथपणे मोटारसायकल चालवतो, कानात माई या ज्येष्ठ गायिकेचे ध्वनिमुद्रित शब्द आणि मागे तानपुरा, हे दृश्य मी लॅपटॉपवर कानांत हेडफोन घालून पाहिले. तानपुरा उत्तम ऐकू आला, रस्ता मात्र वितभर होता. ओटीटी नसता तर तोही दिसला नसता, हे मला मान्य आहे, आणि तो मोठ्या पडद्यावर पाहायला मिळावा ही माझी इच्छा अजून तशीच आहे. म्हणून वहीतल्या प्रत्येक पानावर मी एक चौकोन ठेवतो: हा चित्रपट माझ्या शहरात मोठ्या पडद्यावर लागला होता का? तो चौकोन आपणही ठेवावा.

सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे असतो. वही जवळ घेऊन बसावे. संकलन आणि पटकथा या पुरस्कारांवर विशेष लक्ष द्यावे. ‘कोडा’च्या रात्री रूपांतरित पटकथेचा पुरस्कार शॅन हेडर यांना मिळाला आणि तो ‘द पॉवर ऑफ द डॉग’च्या हातून गेला, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट अजून जाहीर व्हायचा होता, पण पीजीएचा निकाल ज्यांनी टिपून ठेवला होता त्यांना पुढचे पाकीट उघडण्याची फारशी वाट पाहावी लागली नाही.