कार्ड आणि हँडबिलं: घरी छापायची की प्रेसमध्ये?

सांगलीत मारुती चौकाजवळच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे अजून पाचसातशे व्हिजिटिंग कार्डं पडून आहेत. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं. कार्डं माळ्यावर होती म्हणून वाचली, पण मग दुकानच विश्रामबागला हललं आणि पत्ता चुकीचा झाला. आता कार्डांच्या कोऱ्या बाजूवर उधारी लिहिली जाते.

घरी छापलं तर नग केवढ्याला पडतो, हे सगळे आधी विचारतात. मी आधी विचारते, छापलेला मजकूर किती दिवस खरा राहणार?

१. मजकुराचे दोन भाग करा. नाव, फोन, पत्ता, काय विकता हे सहसा वर्षभर बदलत नाही. भाव, सवलत, तारीख मात्र बदलते. हळदीचा किंवा बेदाण्याचा भाव छापायचा असेल तर महिन्याचाही भरवसा नाही. टिकणारा मजकूर प्रेसला द्यावा, बदलता घरच्या प्रिंटरवर काढावा.

२. नग ठरवा. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या मशीनवर, रंगीत कामाला चार प्लेट लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. प्लेट बनवण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर नगांना तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच. म्हणून प्रेसवाला म्हणतो, "हजारच करून घ्या." त्यात तो फसवत नसतो. पन्नास-शंभरच हवी असतील तर डिजिटल प्रिंट मागा, त्याला प्लेट लागत नाही. पेपरात घालून वाटायची दोन हजार हँडबिलं घरी काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, मजकूर आठ दिवसांचा असला तरी.

३. घरचा हिशेब कात्रीसकट करा. साडेतीन बाय दोन इंचाची दहा कार्डं ए-फोर कागदावर बसतात. ती सुटी करायला एका कागदाला कमीत कमी नऊ काप. हजार कार्डं म्हणजे शंभर कागद, नऊशे काप! प्रेसचं कटिंग मशीन तेवढा गठ्ठा एका दमात कापतं. शाईचा खर्च सगळे धरतात, हा वेळ कुणी धरत नाही.

कार्डाला साधारण ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद लागतो. घरचे बरेच प्रिंटर तो ओढत नाहीत, तेव्हा आधी प्रिंटरचं माहितीपुस्तक बघा. प्रिंटरमध्ये कागद मागून सरळ जाणारा असेल तर बरं. इंकजेटमध्ये डाय (पाण्यात विरघळणारी) शाई असेल तर ओल्या बोटाने अक्षर पसरतं, पिगमेंट शाई त्यामानाने टिकते. चहावाल्याने, रसवंतीवाल्याने हे विसरू नये.

एवढं करून घरी कार्डं काढायचीच असतील, तर प्रदर्शनातल्या स्टॉलपुरती वीस-तीस काढा आणि पार्श्वभूमी पांढरीच ठेवा. काठापर्यंत रंग दिला की कात्री केसभर हलली तरी पांढरी चीर दिसते.

४. अर्धं तिथे, अर्धं घरी. माझा मसाल्याचा धंदा याच युक्तीवर चालतो. नाव, चित्र, पत्ता असलेली हँडबिलं प्रेसमधून हजारभर आणते आणि मधली जागा कोरी ठेवायला सांगते. भाव ठरले की लागतील तेवढीच घरच्या प्रिंटरवर घालते. यासाठी मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद मागायचा. गुळगुळीत आर्ट पेपरवर साध्या इंकजेटची शाई धरत नाही. घरी लेझर प्रिंटर असेल तर लॅमिनेशन केलेला कागद त्यात चुकूनही घालू नका, आतल्या उष्णतेने प्लास्टिक चिकटतं. आणि प्रेसहून आलेला गठ्ठा दोन दिवस वाळू द्या.

५. फाइल नीट द्या. फोटो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा, चारी बाजूंनी कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जादा रंग सोडावा आणि अक्षरं काठापासून तेवढीच आत घ्यावीत. मराठीची वेगळी कटकट आहे. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो. काही प्रेसमध्ये अजून जुनी सॉफ्टवेअर चालतात, तिथे ते मॅटर टाकलं की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. म्हणून पीडीएफ द्या, किंवा डिझाइन करणाऱ्याला अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांची चित्रं, करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवाल तर तो दाबला जाऊन पुसट छापेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

६. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, कागदावर मागा. माझ्या पहिल्या हजार कार्डांवर फोन नंबरातले दोन आकडे उलटसुलट होते. मोबाइलवर प्रूफ आलं होतं, आणि मीच फोडणी परतता परतता "ओके" लिहिलं होतं. प्रेसची काही चूक नव्हती, पैसे गेले ते माझे. आता छापील प्रूफ दुसऱ्याच्या हातात देते आणि त्यावरचा नंबर त्याच्या फोनवरून लावायला सांगते. क्यूआर कोड असेल तर तोही त्यालाच स्कॅन करायला लावते. माझा फोन वाजला तरच सही.