बेंचरेस्टसाठी पहिली पीसीपी एअर रायफल निवडताना

पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल. ती घ्यायला दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न 'पॉवर किती?' असा विचारला जातो आणि तिथूनच पैसे वाया जायला लागतात. बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावर, रेस्टवर, म्हणजे पिशवीवर किंवा टेकूवर टेकलेली असते. २५ मीटरवर एक कार्ड, त्यावर मोजायची २५ लक्ष्यं, प्रत्येकावर एकच छर्रा, जास्तीत जास्त गुण २५०. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. वाऱ्याचा अंदाज घ्यायचे छर्रे धरून चाळिसावा छर्राही पहिल्यासारखाच जायला हवा, आणि रायफलची सगळी परीक्षा तीच.

१. ताकद ठरवून टाका

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या, पावती जपून ठेवा.

आंतरराष्ट्रीय एअर रायफल बेंचरेस्टमधला हलका वर्ग १२ फूट-पाउंडांचा, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूलचा आहे. ८.४४ ग्रेनचा (०.५४७ ग्रॅम) छर्रा त्या ताकदीवर सुमारे २४४ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. पहिल्या रायफलीसाठी हाच आकडा धरा. जड वर्ग २० फूट-पाउंडांचा, म्हणजे २७ ज्यूलचा. तो विनापरवाना मर्यादेच्या बाहेर पडतो, त्यामुळे तूर्त विसरा. खोक्यावर '१००० फूट प्रति सेकंद' छापलेलं असतं ते हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यांवर मोजलेलं असतं. ते छर्रे अचूक नेमबाजीत कोणी वापरत नाही. शिवाय डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो.

दहा मीटरच्या स्पर्धेची जुनी (मॅच) रायफल स्वस्तात मिळतेय, घेऊ का? ट्रिगर आणि बॅरल उत्तमच असणार. पण तिचा वेग १७०-१७५ मीटर प्रति सेकंद. २५ मीटरवर तिचा छर्रा २४४ वाल्याच्या दुप्पट खाली येतो आणि वाऱ्याने सुमारे ४० टक्के जास्त सरकतो. बंदिस्त रेंजवर सराव करणार असाल तरच विचार करा, आणि आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलीच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं असतं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवा सिलिंडर मिळतो का आणि कितीला, हे समजल्याशिवाय 'स्वस्त' म्हणू नका.

२. स्टॉक, ट्रिगर, भरण्याची जागा

फोरएंड, म्हणजे स्टॉकचा पुढचा भाग, खालून सपाट आणि रुंद हवा. गोल फोरएंड पिशवीवर लोळतो, रायफल बाजूला कलते, आणि कलली की छर्रा त्या बाजूला आणि थोडा खाली जातो. बटाची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) खालची कडही सरळ हवी, म्हणजे मागच्या पिशवीवर रायफल रुळावरून सरकल्यासारखी मागेपुढे होते.

ट्रिगर दोन टप्प्यांचा, ओढायचा जोर २०० ग्रॅमच्या आसपास आणता येणारा.

मॅगझिन नको. एकेक छर्रा भरायची ट्रे घ्या. मॅगझिनचं खाचेचं चाक थोडं जरी सरकलं तरी छर्ऱ्याचं डोकं बॅरलच्या तोंडावर घासतं, आणि ते तुम्हाला दिसतही नाही.

आता बॅरल सिलिंडरला कुठे टेकतं ते पाहा. बऱ्याच रायफलींत दोन्ही एका कड्याने पुढे बांधलेली असतात. दाब २०० वरून १२० बारवर आला की सिलिंडर किंचित आकसतो, कडं बॅरलला ओढतं आणि छर्ऱ्यांचा गट हळूहळू सरकतो. तुम्हाला वाटतं वारा फिरला. बॅरल मोकळं असलेली रायफल घ्या, नाहीतर बॅरलभोवती कागद सरकेल एवढी जागा असलेलं कडं तरी हवं.

३. रेग्युलेटर आणि वेगाची माळ

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण दुकानात ही गोष्ट दिसतच नाही. रेग्युलेटर म्हणजे झडपेपर्यंत पोचणारी हवा एकाच दाबाला राखणारा भाग. 'रेग्युलेटर आहे ना, मग झालं' हा सल्ला अर्धाच आहे.

रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत हातोडी झडपेवर आपटते आणि सिलिंडरमधला दाबच झडप बंद धरून ठेवत असतो. दाब फार असेल तर झडप पुरेशी उघडत नाही आणि वेग कमी मिळतो. दाब उतरत जातो तसा वेग वाढतो, एका टोकाला पोचतो आणि मग हवाच कमी पडून घसरतो. समजा २०० बारवर २३६, १७० ला २४४, १५० ला २४५, १३० ला २४२ आणि ११५ ला पुन्हा २३६ मीटर प्रति सेकंद. अशी रायफल २०० पर्यंत भरणं हीच चूक. ती १७५ ला भरायची आणि १३० ला थांबायचं. पण २०० सीसी सिलिंडरमध्ये ४५ बारचा फरक म्हणजे वातावरणीय दाबाची जेमतेम ९ लिटर हवा. एका शॉटला पाव लिटर धरली तर ३६ शॉट. बेंचरेस्टच्या कार्डाला २५ मोजायचे आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला निदान १५ ते २५, म्हणजे एका भरण्यात ४० ते ५० शॉट हवेत. अर्ध्या कार्डात हवा भरायला उठलात की लय गेली.

म्हणून पहिली रायफल रेग्युलेटरवालीच घ्या. रेग्युलेटर झडपेपुढे ठरावीक दाब (त्याचा 'ठराव'), साधारण १०० ते १२० बार, कायम ठेवतो. सिलिंडर २०० वरून ११० वर येईपर्यंत १८ लिटर हवा वापरता येते, म्हणजे त्याच हिशेबाने ७० शॉट. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरावाखाली गेला की वेग एकदम घसरतो. ते गेजवर लक्षात ठेवा आणि त्याच्या दहा बार आधीच थांबा.

वेगातल्या फरकाची किंमत किती? २५ मीटरपर्यंत छर्रा नळीच्या सरळ रेषेपासून साडेपाच-सहा सेंटिमीटर खाली येतो. वेगात ३ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की त्यात सुमारे दीड मिलिमीटर फरक पडतो. ६ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर. बेंचरेस्टच्या लक्ष्यावर एवढ्यात दहाचा नऊ होतो, आणि तुम्ही दुर्बिणीला दोष देत बसता.

विकत घेण्याआधी क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावून माळ घ्या, म्हणजे ओळीने शॉट मारून प्रत्येकाचा वेग मोजा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरा दुकानदार पाहा. रायफल पूर्ण भरा, एकाच डब्यातले छर्रे वापरा, प्रत्येक वेग वहीत लिहा, दर पाच शॉटनी गेजचा आकडाही लिहा. निदान ४० शॉट. पाच-दहांची माळ काहीच सांगत नाही, रायफल बिघडते ती शेवटी. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातला फरक ४ मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर चांगली, ८ च्या वर गेला तर परत ठेवा. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ भलतेसलते आकडे दाखवतो. मोजमाप दिवसाच्या उजेडात घ्या.

आता खरी चाचणी. दहा शॉट मारा, सरासरी लिहा. रायफल अर्धा तास तशीच ठेवा. मग एक शॉट मारा आणि लगेच आणखी दोन. पहिल्याचा वेग बाकीच्यांपेक्षा ३ मीटरहून जास्त वेगळा आला तर रेग्युलेटर पाझरतोय. त्याच्या बैठकीवर कचरा आहे, चरा आहे किंवा ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेली आहे. हवा हळूहळू पुढे सरकते आणि झडपेपुढचा दाब ठरावापेक्षा वर चढतो. मग पहिला शॉट कधी जलद येतो, कधी हातोडी कमी पडून उलट मंद येतो. दोन्ही वाईटच. 'पहिले दोन शॉट असेच सोडून द्यायचे' हे ऐकून घेऊ नका. वाऱ्याची वाट पाहत तुम्ही दोन मिनिटं थांबलात की तो 'पहिला शॉट' कार्डाच्या मधोमध येणार. रेग्युलेटर घरी उघडायच्या फंदात पडू नका. आतल्या बेलविल वॉशरांपैकी (वाटीसारख्या स्प्रिंग चकत्यांपैकी) एक जरी उलटी बसली तरी दाबाचा ठराव बदलतो, आणि सिलिंडर पूर्ण रिकामा न करता स्क्रू सैल करणं जिवावर बेतू शकतं.

४. हवा गळते का

२०० पर्यंत भरा आणि वीस मिनिटं थांबा. भरताना हवा तापते, निवली की आठ-दहा बार आपोआप उतरतात, ती गळती नव्हे. तिथून आकडा धरा आणि २४ तासांनी पाहा.

हातपंप पहिल्या वर्षी पुरतो. १०० वरून २०० बारला शंभराहून जास्त झटके लागतात. दर ३०-४० झटक्यांनी थांबा आणि खालचा स्क्रू उघडून पाणी बाहेर काढा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ते पाणी सरळ सिलिंडरमध्ये जाऊन गंज धरतं. हवा भरायला मोठा सिलिंडर घेणार असाल तर त्याच्या खांद्यावरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख पाहा. ऑक्सिजन कधीच भरू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा, पेट्रोलियम तेल उच्च दाबाखाली पेट घेतं.

५. दुर्बीण

रायफलीच्या किमतीच्या निम्मे पैसे दुर्बिणीसाठी वेगळे ठेवा. २४ पट किंवा जास्त मोठं दाखवणारी हवी आणि तिचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की लक्ष्यावरची खूण सरकल्यासारखी दिसणं) २५ मीटरवर स्पष्ट जुळवता यायला हवा.

६. छर्रा निवडायचा तो बॅरलला विचारून

तीन-चार प्रकार घ्या. एक ८.४४ ग्रेनचा, एक १०.३४ चा, एक जड मॅच छर्रा. प्रत्येकाचे पाच-पाचचे पाच गट पहाटे वारा पडलेला असताना मारा. प्रकार बदलल्यावर पहिले दहा-पंधरा मोजू नका. बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो, नवा बसायला वेळ लागतो. सगळ्यात लहान एक गट पाहून ठरवू नका, पाचही गटांची सरासरी पाहा. जो जिंकेल त्याच्या डब्यामागचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि त्याच बॅचचे निदान पाच डबे त्याच आठवड्यात उचला. पुढच्या महिन्यात दुकानात तोच छर्रा असेलही, पण बॅच बहुतेक दुसरी असेल.