रीफ टाकीतले दगड ढासळू नयेत यासाठी रचना कशी करावी

रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय, उभारताना प्रवाळ, दिवे, पंप यांचा विचार आधीपासून होतो. दगड मात्र शेवटच्या दिवशी हाताला येतील तसे एकावर एक ठेवले जातात. वर्षभराने त्यांवर प्रवाळ पसरतात आणि तेव्हा रचना डुगडुगताना दिसली, तर ती उपसायची म्हणजे वाढलेल्या वसाहती मोडायच्या. म्हणून पाणी भरण्याआधीचा एक अख्खा दिवस दगडांसाठीच ठेवा.

माझं ठाम मत असं, की रचना टिकते ती बैठकीवर. गोंद आणि पुट्टी चांगली बैठक पक्की करतात, वाईट बैठक सावरू शकत नाहीत.

आधी टाकीबाहेर

टाकीच्या तळाच्या आतल्या मापाचा पुठ्ठा कापा. कडेपासून ८ ते १० सेंटीमीटर आत रेघ आखा आणि सगळे दगड त्या रेघेच्या आत मांडा. काचेवरचं शेवाळ काढणारी चुंबकी घासणी फिरायला एवढी जागा लागते, शिवाय मागच्या बाजूनेही पाणी खेळतं राहतं. जिथे प्रवाह पोहोचत नाही, तिथे गाळ साचतो. लहान टाकीत एवढं अंतर जमणार नाही. तिथे निदान घासणी आणि बोटं जातील इतकं ठेवा. उंची पाण्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच पुरे, वरची जागा प्रवाळांच्या वाढीसाठी राहू द्या.

नवख्या माणसाने कोरडे दगड घ्यावेत. ते निवांत रचता येतात, फोडता येतात, त्यांना भोकंही पाडता येतात. जिवंत खडक (ज्यावर समुद्री जीव आणि जिवाणू वसलेले असतात असा दगड) घेतलात तर काम चालू असताना तो खाऱ्या पाण्याने ओला ठेवा आणि हातमोजे घाला. त्यावर झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले झुपक्याने वाढणारे जीव) असू शकतात आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. असा दगड कधीही उकळू नका, कारण वाफेबरोबर ते विष श्वासात जाऊ शकतं.

पाया

सर्वांत मोठे आणि सपाट दगड खाली. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकायला हवा. तिवई कशी खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तसंच हे. दगड ठेवा आणि एकेक कोपरा बोटाने दाबा. हलला तर फिरवून दुसरी बाजू खाली घ्या. तरीही हलत असेल, तर मध्ये येणारा उंचवटा छिन्नी-हातोडीने उडवा (डोळ्यांवर चष्मा हवाच). फटीत नुसती कपची सारून काम भागवू नका, ती आज ना उद्या सरकते.

टाकीत आधी दगड जातात, वाळू नंतर. माझ्या पहिल्या टाकीत मी उलट केलं. पिस्तूल कोळंबीने एका दगडाखालची वाळू उकरली आणि सकाळी तो काचेवर रेललेला होता. काच वाचली, खालचा प्रवाळ मात्र चिरडला. तळाच्या काचेवर दगडाचं टोक रुतू नये म्हणून मध्ये ॲक्रिलिकचा पातळ पत्रा घाला.

वरचे थर

कमान किंवा गुहा करताना पुढे आलेल्या दगडाचा बहुतेक भाग मागच्या आधारावर हवा. गोंद न लावता जो तोल राहतो, तोच खरा. जिथे उभा दगड लागतो, तिथे भोकं पाडून ॲक्रिलिक किंवा फायबरग्लासची कांडी घाला. लोखंड गंजतं आणि तांबं किंवा पितळ अपृष्ठवंशी जिवांना मारतं. एकच मोठा डोंगर करण्याऐवजी दोन-तीन सुटी बेटं करा, म्हणजे पुढे एखादा मासा पकडायचा झाल्यास एकच बेट उचलावं लागतं.

चिकटवणं

जोडावर जेल सुपरग्लू, त्यावर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी आणि तिच्यावर पुन्हा सुपरग्लू. सुपरग्लू पटकन पकडतो, पण फट भरत नाही. पुट्टी फट भरते, पण ओल्या दगडाला नीट धरत नाही. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. चालू टाकीत पुट्टी वापरली, तर प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उतू जाऊ शकतो, तेव्हा त्यावर लक्ष ठेवा.

पाण्यातली परीक्षा

पाण्यात दगड हलका होतो. भरीव चुनखडीचं वजन खाऱ्या पाण्यात एक तृतीयांशाहून जास्त घटतं. त्यामुळे बाहेर घट्ट वाटलेला दगड आत पंपाच्या धक्क्याने किंवा समुद्री अर्चिनच्या रेट्याने सरकू शकतो. बेटं टाकीत ठेवा, १.०२६ विशिष्ट घनतेचं मिठाचं पाणी भरा, पंप सुरू करा आणि प्रत्येक दगड सगळ्या बाजूंनी हाताने ढकलून पाहा. कोरड्या दगडांतली हवा बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकला. काहीच हललं नाही, तर पंप बंद करून धुतलेली वाळू नळीतून सावकाश दगडांभोवती सोडा.