श्वेडगॉन पॅगोडाची वंदना कशी करावी

ब्रह्मदेशातील (म्यानमार) यांगोनच्या सिंगुत्तर टेकडीवरील श्वेडगॉन पॅगोडाला प्रथमच जाणारा मराठी माणूस थोडा गोंधळतो, कारण सुमारे ९९ मीटर उंचीच्या त्या सोनेरी वास्तूला आत जायचे दारच सापडत नाही. आपल्याला गाभाऱ्याची सवय असते. हा स्तूप मात्र भरीव आहे. ब्रह्मी परंपरा सांगते की, तपुस्स आणि भल्लिक या व्यापारी भावांनी बुद्धांकडून मिळालेले आठ केस येथे आणले, आणि गौतम बुद्धांच्या आधी होऊन गेलेल्या तीन बुद्धांची काठी, पाणी गाळण्याचे साधन व चीवराचा (भिक्षूच्या वस्त्राचा) तुकडाही याच टेकडीत आहे. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा सिद्ध करता येत नाही. पण वंदनेचा रोख तिच्यातूनच कळतो. येथे देवाकडे काही मागायचे नसून, बुद्धांचे गुण आठवायचे असतात. पालीत याला बुद्धानुस्सती म्हणतात. ब्रह्मी भाषेत ‘फया’ हा एकच शब्द बुद्धांनाही लावतात आणि पॅगोडालाही, एवढी ती आठवण त्या वास्तूशी एकरूप झालेली आहे.

निघण्यापूर्वी आपला जन्म कोणत्या वारी झाला ते पाहून ठेवावे, कारण वर प्रत्येक वाराचे वेगळे स्थान आहे. बुधवार असेल तर दुपारच्या आधी की नंतर, हेही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. जिन्याच्या पायथ्याशीच चपला आणि मोजे दोन्ही काढावे लागतात. ब्रिटिश राजवटीत युरोपीय लोक बूट घालूनच वर फिरत, आणि त्याविरुद्धचा रोष ब्रह्मी राष्ट्रीय चळवळीच्या आरंभीच्या प्रश्नांपैकी एक ठरला; त्यामुळे अनवाणी चालणे हा तेथे केवळ स्वच्छतेचा नियम नाही. भर दुपारी संगमरवर पाय भाजतो, म्हणून पहाट किंवा संध्याकाळ निवडावी.

चारही दिशांनी झाकलेले जिने वर जातात व तेथील दुकानांत फुले, उदबत्त्या, मेणबत्त्या आणि कागदी छत्र्या मिळतात. फुले घेतलीत तर ती कोमेजणार आहेत हे लक्षात ठेवूनच वाहावीत. अनित्यतेचे स्मरण हा त्या पूजेचाच भाग आहे. वर पोहोचल्यावर स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा सुरू करावी.

स्तूपाभोवती वारांची आठ स्थाने आहेत. सोमवार पूर्वेला असून त्याचे चिन्ह वाघ आहे. मंगळवार आग्नेयेला, सिंह. बुधवार सकाळ दक्षिणेला, सुळ्यांचा हत्ती. शनिवार नैर्ऋत्येला, नाग. गुरुवार पश्चिमेला, उंदीर. बुधवार दुपारनंतर वायव्येला, बिनसुळ्यांचा हत्ती. शुक्रवार उत्तरेला, गिनिपिग. आणि रविवार ईशान्येला, गरुड. आपल्या वाराच्या स्थानी असलेल्या बुद्धमूर्तीवर लहान पेल्याने पाणी घालतात. पुष्कळजण वयाच्या आकड्याहून एक पेला अधिक घालतात. ही रीत ग्रहज्योतिषातून आलेली आहे, बुद्धवचनातून नव्हे. बाबासाहेबांच्या मार्गाने धम्मात आलेल्या आपल्याकडच्या उपासकांना ती खटकणे स्वाभाविक आहे, आणि ती वगळल्याने वंदनेत काहीही उणे राहत नाही. मी स्वतः ती यजमानांच्या घरच्या रिवाजासारखी मानतो.

खरा वेळ द्यावा तो यानंतर. स्तूपाकडे तोंड करून, पाय मागे दुमडून बसावे. तळवे मूर्तीच्या किंवा स्तूपाच्या दिशेने येऊ देऊ नयेत. तीन वेळा कपाळ जमिनीला टेकवून त्रिसरण आणि पंचशील म्हणावे. पाली शब्द तेच असल्यामुळे ब्रह्मी उच्चार वेगळे असले तरी आपल्याला ओळखू येतात. मग दृष्टी हळूहळू वर न्यावी. खालच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जोत्यावर घंटेचा आकार, त्यावर उपडे भिक्षापात्र, पागोट्याचे पीळ, कमळपाकळ्या, केळफूल, त्यावर छत्र आणि अगदी टोकाला हिऱ्यांनी जडवलेला गोल, असा हा क्रम आहे. सोन्याचे दान करणाऱ्या राजाराण्यांमध्ये पंधराव्या शतकातील शिनसॉबू राणीचे नाव प्रथम घेतात. तिने स्वतःच्या वजनाइतके सोने दिले, असे सांगतात. तरीही या साऱ्या वैभवाच्या मध्यावर भिक्षेचे पात्र आहे, आणि माझ्या मते नजर तेथे थोडी अधिक थांबवावी.

बसून ध्यान करायला आत मोकळी जागा हवी असेल, तर ती मुंबईजवळ गोराईला आहे. मंडाले येथे जन्मलेले विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने, ब्रह्मदेशाविषयीच्या कृतज्ञतेपोटी उभारलेला तेथील पॅगोडा बाहेरून श्वेडगॉनच्या धर्तीवर आहे. आत मात्र खांबांविना उभा घुमट असून त्याखाली सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. त्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले.

श्वेडगॉनच्या प्रांगणात मोठ्या घंटा आहेत. त्यांपैकी सिंगू राजाने अठराव्या शतकात ओतवलेली घंटा इंग्रजांनी पळवून नेताना नदीत बुडाली होती आणि ब्रह्मी लोकांनी ती वर काढून परत आणली. वंदना आटोपल्यावर उपासक तेथील लाकडी दांड्याने घंटेवर तीन ठोके देतात आणि मिळवलेले पुण्य सर्व प्राण्यांना वाटून टाकतात. ठोके पडताना जवळ कोणी उभे असेल, तर त्याने ‘साधु, साधु, साधु’ म्हणून त्या वाटणीत आपला आनंद मिसळायचा असतो. म्हणून आपले ठोके देऊन झाल्यावर लगेच पायऱ्या न उतरता, पुढच्या माणसाच्या घंटेसाठी घटकाभर तेथेच थांबावे.