ड्राइव्हच्या लोडसाठी ट्रान्सफॉर्मर कसा निवडावा

मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर हात लावू देत नाही, आणि अँपिअर मात्र क्षमतेच्या आतच दिसतात. दोष उन्हावर जातो. ऊन आहेच, पण ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणे), यूपीएस आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे) करंट सलग न ओढता तुकड्यातुकड्याने ओढतात. त्यातून हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीचे करंट, तयार होतात; पाचवा म्हणजे २५० हर्ट्झचा. वाइंडिंगमधला एडी करंटचा (धातूतच भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या करंटचा) लॉस हार्मोनिकच्या क्रमाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पाचव्या हार्मोनिकचा एक अँपिअर ५० हर्ट्झच्या एका अँपिअरपेक्षा २५ पट एडी लॉस करतो.

नवा ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी मोजा. एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या इनकमरवर, म्हणजे मुख्य स्विचवर, पॉवर अ‍ॅनालायझर सात दिवस लावून १० मिनिटांच्या सरासरीची नोंद घ्या. कपॅसिटर चालू आणि बंद, दोन्ही स्थितींत घ्या. न्यूट्रलही मोजा, पण ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरनेच. साधा मीटर बिघडलेल्या वेव्हवर कमी आकडा दाखवतो.

आता के-फॅक्टर, म्हणजे हार्मोनिक्समुळे एडी लॉस किती पट होतो तो आकडा, काढा. प्रत्येक हार्मोनिक करंटचा वर्ग गुणिले त्याच्या क्रमाचा वर्ग, यांची बेरीज. तिला नुसत्या करंटच्या वर्गांच्या बेरजेने भागा. मूळ करंट १ धरून पाचवा ०.३५, सातवा ०.१५, अकरावा ०.०८ आणि तेरावा ०.०५ असेल, तर ६.३६ भागिले १.१५४, म्हणजे के सुमारे ५.५. इथे के-४ (के ४ पर्यंत सोसणारा) ट्रान्सफॉर्मर अपुरा पडतो. के-९ चालतो, पुढे ड्राइव्ह वाढणार असतील तर के-१३ घ्या.

जुनाच ट्रान्सफॉर्मर ठेवायचा असेल तर त्याचा लोड उतरवा. १००० केव्हीए, ४३३ व्होल्टचा फुल लोड करंट १३३३ अँपिअर. पूर्ण लोडवर एडी लॉस तांब्याच्या लॉसच्या १० टक्के धरला, तर के ५.५ असताना (१ + ०.१) भागिले (१ + ५.५ × ०.१), म्हणजे १.१ भागिले १.५५, याचे वर्गमूळ ०.८४ येते. म्हणजे ट्रू आरएमएसने सुमारे ११२० अँपिअर, त्यापुढे नाही.

के-फॅक्टरचा ट्रान्सफॉर्मर हार्मोनिक्स सोसतो, कमी करत नाही. ही गफलत फार महागात पडते. व्होल्टेज बिघडत असेल तर उगमाशीच उपाय हवा: प्रत्येक मोठ्या ड्राइव्हला करंटचे झटके सौम्य करणारा ३ ते ५ टक्क्यांचा लाइन रिअ‍ॅक्टर.

संगणक आणि एलईडीचा सिंगल फेज लोड जास्त असेल तर तिसरा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकवटतो. न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून न्यूट्रल दुप्पट क्षमतेचा मागवा. डेल्टा-स्टारमध्ये समतोल लोडचा तिसरा हार्मोनिक डेल्टातच फिरतो आणि एचटीकडे (जास्त व्होल्टेजच्या बाजूला) जात नाही, पण वाइंडिंग तापवतोच.

दोन ट्रान्सफॉर्मर लागणारच असतील, तर एक डीवायएन११ (डेल्टा-स्टार) आणि दुसरा डीझेडएन० (डेल्टा-झिगझॅग) जोडणीचा घ्या. दोघांत ३० अंशांचा फरक असल्याने ड्राइव्हचा पाचवा आणि सातवा हार्मोनिक एचटी बाजूला एकमेकांना मारतात. लोड दोन्हींवर सारखा वाटला तरच हे नीट जमते. मात्र या दोघांच्या एलटी बसबार कधीही जोडू नका. दोन बसबार जोडणारा स्विच, म्हणजे बस-कपलर, जोडला गेला की प्रचंड करंट फिरतो, म्हणून तो जोडूच न देणारा इंटरलॉक तिथे हवाच.

कपॅसिटर बँकेकडे दुर्लक्ष झाले की सगळी मेहनत वाया जाते. १००० केव्हीए, ५ टक्के इम्पिडन्स म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता २०,००० केव्हीए. त्याला ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर लावले की २०,००० भागिले ४००, म्हणजे ५०, आणि त्याचे वर्गमूळ ७.०७: रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला करंट प्रचंड वाढतो ती स्थिती) नेमका सातव्या हार्मोनिकवर. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. कपॅसिटरच्या सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर लावल्यास सर्किट १८९ हर्ट्झवर बसते, पाचव्याच्या खाली. कपॅसिटर ४८० किंवा ५२५ व्होल्टचे घ्या, कारण रिअ‍ॅक्टरमुळे त्यांच्यावरचा व्होल्टेज वाढतो. तिसरा हार्मोनिक जोरात असेल तर रिअ‍ॅक्टर १४ टक्क्यांचा घ्या.

ऑर्डरमध्ये भोवतालच्या हवेचे कमाल तापमान ५० अंश लिहा. आंतरराष्ट्रीय मानकाचा ड्राय टाइप (तेलाऐवजी हवेने थंड होणारा) ट्रान्सफॉर्मर ४० अंश धरून बनतो आणि नागपूरचा मे ४५ ओलांडतो. सूतगिरणीत ड्राय टाइप ठेवलाच, तर वाइंडिंगमधल्या हवेच्या फटींत रुईची तूस साचते आणि तापमान गुपचूप चढते. सप्लाय बंद करून ती दर महिन्याला कोरड्या हवेने झाडा.