आधी पावती, मग मोर्चा

दोडामार्गहून म्हापशाला नोकरीला आले, तेव्हा खोली दाखवणाऱ्या एजंटाने एक महिन्याचं भाडं घेतलं आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही घेतली. कराराची प्रत मला कधी मिळालीच नाही. भाडेकरूंना एकत्र आणायच्या कामात मी ओढली गेले ती त्या कागदापायी.

या कामात नव्याने येणारे पहिल्याच दिवशी विचारतात, ‘तुम्हाला त्रास काय?’ कोणी सांगत नाही. शेजारी ऐकत असतो, भिंत पातळ असते. मी विचारते, ‘विजेचं युनिटला किती घेतात?’ खोर्लीच्या एका चाळीत याच प्रश्नाने तोंडं उघडली. मीटर एक, आणि तीन खोल्यांना तीन दर!

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. कुडाळच्या एका ताईंचं नाव वर घालून मालकाला अर्ज दिला. मालक गोड बोलला. करार संपला आणि त्याने तो वाढवलाच नाही. पर्यटकांचा सीझन तोंडावर होता, खोली रोजावर गेली. ताईंचं सामान टेम्पोत चढवताना मला वर बघवेना. तेव्हापासून आमच्या अर्जावर सह्या गोलाकार असतात, पहिली कोणाची ते कळतच नाही.

कायदा वाचा, पण व्हिडिओ बघून नको. गोव्यात इमारतींच्या भाड्याचा नियंत्रण कायदा १९६८ चा आहे. करारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे नुसती राहायची परवानगी, असं लिहिलं म्हणून भाडेकरूपण संपत नाही. कोर्ट मथळा नाही, प्रत्यक्ष व्यवहार बघतं. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला साधारणपणे पंधरा दिवसांची नोटीस लागते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, हे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. ते आश्वासन कोणाला देऊ नका. मी दिलं होतं, तोंडघशी पडले. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवा: बायकांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वेर्ण्याच्या वसाहतीत राबणाऱ्या कितीजणांना हे माहीत आहे?

खरी अडचण ग्रामसभेत येते. तिथे हक्काने बोलायचं तर त्याच गावच्या मतदारयादीत नाव लागतं. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण नोंदणी केलेला. आणि करार अकरा महिन्यांचा करतात तो नोंदणी टाळण्यासाठीच. म्हणून मी सगळ्यांना आधी बँकेच्या पासबुकावरचा पत्ता बदलायला लावते, मग मतदारयादीतला पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म. कंटाळवाणं काम आहे, निम्मे इथेच गळतात.

आणि मालक म्हणजे राक्षस, हे डोक्यातून काढा. माझी घरमालकीण सत्तरीची. खाली एकटी राहते. पावती मागितली तर म्हणाली, ‘बाये, ह्या भाड्याचेरूच म्हजें घर चलता, तुका विश्वास ना?’ दोन महिने अबोला होता. मग मीच बाजारातून पावतीपुस्तक आणून तिच्यापुढे ठेवलं. चष्मा शोधत शोधत तिने पहिली पावती लिहिली, रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीत. माझं आडनाव चुकलंय. रक्कम बरोबर आहे.